आमच्या जपानातले टिपणीस

परदेशी चाललोय असं कुणी सांगितलं, की टिपणीस त्याचं अभिनंदन करत नसत. कुठे, कधी, कुणाबरोबर, हे सगळं नंतर. आधी ते त्या माणसाच्या पायांकडे बघत. चष्मा कपाळावर चढवून, एक पाऊल मागे सरून, सोनाराने दागिना बघावा तसे बघत आणि मग विचारत, "बूट कधी घेतलेत?"

समोरचा गोंधळायचा. "घेईन की, निघायच्या आधी."

"म्हणजे फोड घेऊन परत येणार. आज घ्या. उद्यापासून भाजी आणायला त्याच बुटात जा. बूट जुने वाटायला लागले, की मग तिकिटाचं बघू."

माझ्या बायकोच्या पायांकडे ते असे बघत होते तेव्हा मी शेजारीच उभा होतो. आम्ही तिघं लिफ्टची वाट बघत होतो. आमचं यंदा जपानला जायचं चाललंय, असं माधवीने सहज सांगितलं होतं. त्यांनी तिच्या चपलांकडे पाहिलं, तिने लाजून पाऊल मागे घेतलं, आणि ते म्हणाले, "डाव्या टाचेला त्रास होतो का तुमच्या?"

होत होता. मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात मला कधी दिसलं नाही ते या माणसाला लिफ्ट येईपर्यंत दिसलं. तेव्हापासून टिपणीस माझ्या डोक्यात गेले. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांचं कौतुक बरंच येणार आहे आणि ते मी खुशीने करतोय असा कुणाचा समज व्हायला नको.

डोंबिवली पूर्वेला आमची सोसायटी. टिपणीस आमच्या समोरच्या दारात राहायचे. ठाण्याच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत त्यांची नोकरी झाली. कंपनी बाहेरदेशी यंत्रं विकायची आणि ती बसवून द्यायला यांना पाठवायची. आमची धाव महाबळेश्वरपर्यंत होती त्या काळात हे कुठल्या कुठल्या देशांत महिना महिना राहून आलेले. मी बँकेत होतो. माझ्या बदल्या झाल्या त्या कल्याण, ठाणे आणि पुन्हा कल्याण. टिपणीस उंच, सडसडीत, निवृत्त झाल्यावरही शर्ट खोचणारे. मी निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी शर्ट बाहेर काढला तो काढलाच. ही तुलना माधवीने एकदा बोलूनही दाखवली होती.

त्यांच्या पत्नी, नलिनीताई, जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी केतकी मेलबर्नला. संध्याकाळी ते दार उघडं टाकून बसत आणि त्या दारातून अख्ख्या सोसायटीचा परदेश प्रवास होई. हनिमूनला निघालेली जोडपी येत, नातवंडांना सांभाळायला अमेरिकेत जाणारे आजी-आजोबा येत. टिपणीस सगळ्यांना चहा देत आणि सल्ला देत. "पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे, झेरॉक्स मात्र दुसऱ्याकडे. नवरा हरवला तर तो कोण होता हे बायकोला दाखवता आलं पाहिजे." किंवा, "पहिला दिवस झोपेचा. त्या दिवशी बघितलेलं काही लक्षात राहत नाही, भांडलेलं मात्र राहतं." बॅगेबद्दल त्यांचं ठाम मत होतं. "कल्याणहून घ्या, पण दुकानातल्या लादीवर ओढून बघू नका. स्टेशनपासून घरापर्यंत ओढत आणा. डोंबिवलीच्या रस्त्यावर चाक टिकलं, की ते जगात कुठेही टिकतं."

वरच्या मजल्यावरचा निनाद आणि त्याची बायको बालीहून आले तेव्हा तो जिन्यातच मला गाठून म्हणाला, "काय सांगू काका, आम्ही उतरलो आणि हिची बॅगच आली नाही! पण टिपणीस काकांनी सांगितलेलं, एक दिवसाचं सगळं हातातल्या बॅगेत ठेवा म्हणून. आम्ही ठेवलेलं. टेन्शनच नाही. सॉलिड माणूस आहे." मी हो हो म्हटलं. त्याला सोसायटीत पार्किंगची जागा मी मिळवून दिली होती, त्याबद्दल तो मला कधी सॉलिड म्हणाल्याचं आठवत नाही.

आणखी एक काम टिपणीस करत, जे दुसऱ्या कुणाच्या बापाला जमलं नसतं. आपल्याकडे कुणी परदेशी निघालं, की चार घरांतून डबे येतात. कुणाचा मुलगा तिकडे असतो, कुणाची भाची. "एवढासाच तर गोडा मसाला आहे हो." "लाडू आहेत, मोडले तरी चालतील." नाही म्हणणार कसं? टिपणिसांचा नियम एकच. "जो डबा तुमच्यासमोर भरला नाही तो तुमच्या बॅगेत जाणार नाही." आणि निघणाऱ्याच्या वतीने ते स्वतः त्या घरी जाऊन डबा परत देऊन येत. "माझ्यावर रागवा. मला कुठे जायचंय?" लोक रागवतही नसत. उलट त्यातलेच दोन लाडू त्यांना मिळत. मी कुणाला नाही म्हटलं तर दोन दिवाळ्या त्या घरून फराळ येत नाही.

आता माझं दुखणं सांगतो. माधवी कल्याणजवळच्या मोहन्याची. तिचे वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते. एका वर्षी कुणीतरी त्यांना जपानची चित्रं असलेलं कॅलेंडर दिलं आणि ते वर्ष संपल्यावरही घरच्या भिंतीवर लटकत राहिलं. लग्नानंतर तिने मला ते दाखवलं. मी नवा नवरा. म्हटलं, नेईन तुला एकदा. मग घराचं कर्ज, मुलांची शिक्षणं, आईचं आजारपण. तिने त्या शब्दाची आठवण एकदाही करून दिली नाही, आणि मला तेच जास्त टोचायचं. निवृत्तीनंतर मी ठरवलं की हा प्रवास आपण घडवायचा. आयुष्यभर घरातलं सगळं तिला माहीत आणि मी विचारणारा. गॅसचं बुक केलंस का, माझा टॉवेल कुठाय, अमक्याच्या मुलीचं नाव काय. एकदा तरी तिने विचारावं आणि उत्तर मला माहीत असावं. कुठे उतरायचं हो, असं तिने म्हणावं आणि मी खिडकीतून बघत म्हणावं, पुढच्याला. बस, एवढंच हवं होतं मला.

आणि ते समोरच्या दारातला माणूस बसल्या जागी घेऊन जात होता.

"अहो, टिपणीस भाऊजी म्हणाले, मोजे नवे घ्या. तिकडे उठसूट बूट काढावे लागतात. तुमच्या सगळ्या मोज्यांना अंगठ्यापाशी भोक आहे."

"माझे मोजे त्यांना कसे माहीत?"

"मी सांगितलं."

दुसऱ्या दिवशी चहाला, "भाऊजी म्हणाले, तिकडे रस्त्यात कचऱ्याचे डबे नसतात. पर्समध्ये रिकामी पिशवी ठेवा." जेवताना, "भाऊजी म्हणाले, हॉटेलचा पत्ता त्यांच्या लिपीत छापून घ्या, टॅक्सीवाल्याला दाखवायला." झोपताना, "गाडीत फोनवर बोलायचं नसतं म्हणे तिकडे. तुम्हाला नाही हो जमायचं." यातलं शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं होतं.

मीही काही कच्चा नव्हतो. दुपारी ती झोपली की मी व्हिडिओ बघत असे. एके दिवशी जाहीर केलं, की आपण रेल्वेचा पास काढणार, तो काढला की कुठेही फिरा. माधवी म्हणाली, "अरे वा." तिच्या तोंडून माझ्यासाठी 'अरे वा' ऐकून किती वर्षं झाली होती! ती ताटं वाढायच्या आधी समोर जाऊन आली. "ते म्हणाले, आपलं फिरणं थोडं आहे, पास अंगावर पडेल. सुटी तिकिटंच काढा." मी कागद घेऊन बसलो आणि आकडेमोड केली. त्यांचंच बरोबर होतं. आकडेमोड हे माझं खातं होतं हो, निदान ते तरी सोडायचं!

व्हिसासाठी रोजचा कार्यक्रम लिहून द्यावा लागतो. तो मी चार दिवस खपून तयार केला. सकाळचं देऊळ, दुपारचा किल्ला, संध्याकाळचा मनोरा, मधे बाग, सगळं वेळेसकट. माधवीने माझ्या हातातून तो घेतला तो थेट त्यांच्याकडे. टिपणिसांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले, "कर्णिक, तुम्ही फिरायला चाललाय की ऑडिटला?" माधवी हसली. तोंडावर पदर घेऊन, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्यांच्या बैठकीच्या खोलीत ती अशी हसत होती आणि मी सोफ्याच्या कडेवर बसून माझाच कार्यक्रम पाठीमागून वाचत होतो. मला त्या क्षणी त्यांचं काहीतरी वाईट व्हावंसं वाटलं. फार नाही, दाढ वगैरे दुखावी.

पण खरा कहर झाला खडवलीला. पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाची टिपणीस तालीम घेत. "डोंबिवलीचा माणूस नाटकाची तालीम करतो, मंगलाष्टकांची करतो, मग एवढ्या लांबच्या प्रवासाची का नको?" निघायच्या आधी एक दिवस सगळं सामान खरोखर भरायचं, नवे-जुने झालेले बूट घालायचे, आणि कसाऱ्याच्या वाटेवरच्या खडवलीला जाऊन राहायचं. तिथे नदीकडच्या वाटेवर हिराबाईंच्या घरी दोन खोल्या भाड्याने मिळत. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मराठी बोलायचं नाही. खुणा करायच्या, नकाशा बघायचा, मिळेल ते खायचं.

मला हा सगळा पोरखेळ वाटत होता. तरी माधवीच्या हट्टापायी गेलो. दुपारची कसारा गाडी होती, डबा जवळजवळ रिकामा. टिपणीस पोचवायला आले होते. खडवलीला उतरल्यावर त्यांनी आमच्याकडून मोठी बॅग पुलावर चढवून घेतली, उतरवून घेतली, आणि मग गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सॉरी. तुमची मोठी बॅग आलेली नाही."

"अहो, ही काय माझ्या हातात आहे!"

"नाही. ती दुसऱ्या विमानात गेली. उद्या मिळेल." माझ्या हातातून त्यांनी बॅग घेतली आणि परतीच्या गाडीने ती डोंबिवलीला घेऊन गेले. गाडी सुटताना माधवीला टाटाही केला.

हिराबाई दारातच उभ्या होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "टिपनीस सायबांची मानसं ना? आवंदा कंचा देश?"

मी तोंड उघडणार तोच माधवीने चिमटा काढला आणि हाताने काहीतरी उगवत्या सूर्यासारखं दाखवलं. "जपान का?" हिराबाई म्हणाल्या. "मागं एक बाई तुर्कीवाली आल्ती. बॅग नेली ना सायबांनी? नेतातच. बसा थोरी, च्या ठेवतंय. आन् बोला मराठी, मी नाय सांगनार त्यांना."

माझा जीव भांड्यात पडला. मी बोलायला लागलो. माधवी नाही बोलली. संध्याकाळभर ती खुणाच करत राहिली. पाणी, मीठ, उशी, सगळं खुणांनी. समोर नसलेल्या माणसाचा शब्द ती अशी पाळत होती आणि समोर बसलेल्या माणसाशी एक अक्षर बोलत नव्हती. माझा नुसता जळफळाट झाला.

अंघोळीच्या वेळी आम्ही हातातल्या बॅगा उघडल्या. तिच्या बॅगेत कपड्यांचा जोड, ब्रश, टॉवेल. माझ्या बॅगेत दुर्बीण, छत्री, चिवडा आणि त्या दिवशीचा पेपर. रक्तदाबाची गोळी मोठ्या बॅगेत, म्हणजे डोंबिवलीला. मी घाबरलोच. माधवीने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून माझ्यापुढे धरली आणि इतका वेळ सांभाळलेलं मौन त्यासाठी मोडलं. "भाऊजी म्हणाले होते, त्यांच्या गोळ्या तुम्हीच ठेवा. ते नक्की मोठ्या बॅगेत टाकतील."

हिराबाईंनी त्यांच्या मालकांची लुंगी दिली. ती मला आखूड झाली. माधवीने माझा त्या लुंगीतला फोटो काढला आणि तो कुणाला पाठवला हे मी विचारलं नाही.

जपानात सगळं सुरळीत झालं. मोठी बॅग आली. बूट चावले नाहीत. टाचेखाली टिपणिसांनी सुचवलेली गादी घालून माधवी माझ्यापेक्षा जास्त चालली. देवळात बूट काढले तेव्हा माझे नवे कोरे मोजे सगळ्या जगाला दिसले. गुरुवारी तिला माशाचा रसही चालत नाही, तर भाताचा तो तिकोनी गोळा घ्यायचा, आत आंबट फळ असलेला, हेसुद्धा त्यांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. कुठेही गेलो की तिचं सुरू. "अय्या, भाऊजी म्हणालेच होते, इथे उजवीकडून चालतात." रात्री ती त्यांना फोटो पाठवायची. कॅलेंडरवर होतं तसं लाल कमानींचं देऊळ बघितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाली, "भाऊजींना सांगायला हवं, सकाळी लवकर आलो म्हणून गर्दी नव्हती." कमानीखाली आम्ही दोघंच होतो आणि मला तिथे तीन माणसं दिसत होती.

शेवटून दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. आम्ही एका साध्या, सगळ्या स्टेशनांवर थांबणाऱ्या गाडीत होतो. ठरलेलं ठिकाण अजून बरंच पुढे होतं. एक लहानसं स्टेशन आलं, बाहेर भातशेती दिसली आणि मी उठलो.

"चल, उतर."

"इथे? अहो, आपलं स्टेशन पुढे आहे ना?"

"इथेच उतरायचंय," मी म्हणालो. ती काही न बोलता उतरली.

स्टेशनात चिटपाखरू नव्हतं. एक बाक, एक पाटी, आणि पुढची गाडी बऱ्याच वेळाने. शेतात कापणी झाली होती. आडव्या बांबूंवर भाताच्या पेंढ्या उलट्या टांगून वाळत घातल्या होत्या आणि कापलेल्या भाताचा तोच वास, आपल्याकडे मुरबाडच्या वाटेवर दिवाळीच्या सुमाराला येतो तो. माधवीने खोल श्वास घेतला. बांधावर एक म्हातारी पेंढ्या बांधत होती. माधवी सरळ शेतात उतरली, खुणेने विचारलं आणि तिच्याशेजारी बसून पेंढी बांधायला लागली. मामाच्या गावी शिकलेली. म्हातारीने तिची गाठ ओढून बघितली आणि दोघी हसल्या. मी बाकावरून बघत होतो. परत आली तेव्हा तिच्या केसांत काड्या होत्या. आम्ही बाकावर बसून उरलेला चिवडा खाल्ला. गाडी उशिरा यावी असं मला वाटत होतं.

"कसं शोधलंत हो हे?" तिने विचारलं.

तिने मला विचारलं होतं! मी पाय लांब केले. "हे काही तुझ्या टिपणिसांनी सांगितलेलं नाही."

केसातली एक काडी काढून तिने तिचे तुकडे केले. मग म्हणाली, "खोटं बोलवत नाही मला. निघायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, वहिनी, एक दिवस हे मधेच कुठेतरी उतरा म्हणतील. तुम्ही नाही म्हणू नका. तिकिटाचं, वेळेचं काही काढू नका. उतरा."

त्यानंतर गाडी येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. गाडी आली तेव्हा मात्र म्हातारीने लांबून हात हलवला आणि माधवीने माझा हात धरून तो हलवला.

डोंबिवलीत परत आल्यावर बॅगा दारातच ठेवून मी समोर गेलो. मला त्यांना चार शब्द सुनवायचे होते. त्यांची बैठकीची खोली खोक्यांनी भरलेली होती. केतकीने त्यांना कायमचं मेलबर्नला बोलावलं होतं आणि आम्ही नसताना त्यांनी हो म्हटलं होतं. ते खोक्यावर बसून दोरी सोडवत होते.

"बसा कर्णिक. उतरलात का कुठे मधेच?"

"तुम्हाला काय माहीत मी उतरणार ते?"

त्यांनी दोरी बाजूला ठेवली. "नलिनीला मी एकदा स्वित्झर्लंडला नेलं होतं. मिनिटामिनिटाचा आराखडा माझा. कुठे काही चुकलं नाही. घरी आल्यावर ती म्हणाली, तुमची ट्रिप छान झाली हो. तुमची. तिला एका ठिकाणी उतरायचं होतं, तळ्याकाठी. मी म्हणालो, कार्यक्रमात नाही. पुढे ती आजारी पडली." त्यांनी दोरी पुन्हा हातात घेतली. "तेव्हापासून मी एक दिवस सोडायला सांगतो."

"सगळ्यांना?"

"नाही. ज्यांचा नवरा माझ्यावर जळतो त्यांना."

मला हसू आलं. यायला नको होतं, पण आलं. मग ते पुढे वाकून म्हणाले, "कुठलं स्टेशन होतं हो ते?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. देशोदेशी हिंडलेला माणूस, आणि त्याला ठाऊक नाही अशी जगातली एक जागा माझ्याकडे होती. "नाही सांगणार," मी म्हणालो.

"सांगा की."

"नाही."

ते इतके खुश झाले की मला नवल वाटलं. पुढच्या आठवड्यात ते गेले. टॅक्सीपाशी सगळी सोसायटी जमली होती. निनादने बॅगा चढवल्या. माधवी डोळे पुसत होती आणि मला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटत होतं.

सुटका कसली! रविवारी दुपारी माझ्या फोनवर मेलबर्नहून एक मेसेज आला. जपानातल्या एका स्टेशनाचं नाव आणि पुढे प्रश्नचिन्ह. मी उत्तर दिलं, नाही. पुढच्या रविवारी दुसरं नाव. नाही. हे चालूच राहिलं. कधी ते आमच्या मार्गाच्या अगदी जवळ येत, एक-दोन स्टेशनं अलीकडे, आणि माझी छाती धडधडे. कधी पार भलत्या टोकाला जात. "म्हातारा दमला वाटतं," मी माधवीला म्हणायचो. ती मान खाली घालून भाजी निवडत बसायची. रविवारचं जेवण झालं, की मी फोन घेऊन गॅलरीत बसू लागलो. मेसेज यायला उशीर झाला तर मला चैन पडेना. तिकडे आता किती वाजले असतील याचा हिशेब मला तोंडपाठ झाला. त्यांना हरवण्यात मला जी मजा येत होती तशी बँकेत बढती मिळाली तेव्हाही आली नव्हती.

गेल्या थंडीत एका रविवारी मेसेज आला नाही. बुधवारी केतकीचा फोन आला. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, ती म्हणाली.

माधवी खूप रडली. मी तिला पाणी आणून दिलं आणि शेजारी बसून राहिलो. आणि बसल्या बसल्या मला काय वाटत होतं ते लिहितो. आपल्यासाठी ही इतकं रडेल का, असं वाटत होतं. माणूस गेला तरी माझी जळजळ जात नव्हती.

"बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही," मी म्हणालो. "सांगून टाकायला हवं होतं मी. काय गेलं असतं?"

तिने पदराने चेहरा पुसला. "त्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"स्टेशनाचं नाव. मी त्याच रात्री हॉटेलातून फोटो पाठवला होता, पाटीसकट."

म्हणजे परत आल्यावर त्यांनी विचारलं तेव्हा त्यांना माहीत होतं. आणि मग इतके रविवार, एकेक नाव शोधून, मुद्दाम चुकीचं? "मग विचारत कशाला होते?"

"तुम्हाला 'नाही' म्हणायला मिळावं म्हणून," माधवी म्हणाली. "मला म्हणाले होते, वहिनी, हे त्यांना सांगू नका. तेवढं त्यांचं त्यांच्याकडे असू दे."

मी उठून गॅलरीत गेलो. समोरच्या घरात आता दुसरी माणसं राहतात, त्यांचं दार बंद असतं. मला त्यांचा राग आला, टिपणिसांचा आला, तिचाही आला. मग मी तिथेच उभा राहून रडलो आणि ते कुणाला दिसू नये म्हणून कुंडीला पाणी घातलं.

रविवार आला. जेवण झालं. सवयीने मी फोन घेऊन गॅलरीत बसलो आणि काय करावं ते न सुचून नुसताच बसून राहिलो. माधवी हात पुसत आली. खुर्ची माझ्या खुर्चीला लावून बसली, आपल्या फोनवर तिने जपानचा नकाशा काढला, चष्मा नाकावर घेऊन बराच वेळ शोधत राहिली आणि मग पार उत्तरेकडच्या, जिथे आम्ही फिरकलोही नव्हतो, अशा एका स्टेशनावर बोट ठेवलं.

"हे का हो?"

"नाही," मी म्हणालो.